ॲम्पची लाईट लागते पण 'टक' होत नाही, दोन्ही स्पीकर मुके – कुठून सुरुवात करू?

मांद्रेकर:
नमस्कार मंडळी. घरी एक जुना टू-चॅनल इंटिग्रेटेड ॲम्प आहे, जपानी बनावटीचा. काका बोटीवर होते तेव्हा त्यांनी आणलेला, पेडण्या-बार्देशात तारवट्यांच्या घरी असा एखादा डबा असतोच. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर हा चांगला की तो चांगला यावरच सगळे भांडत बसाल.
प्रॉब्लेम असा की पॉवर बटण दाबलं की पुढची लाल लाईट लागते, आणि पूर्वी त्यानंतर तीन-चार सेकंदांनी आतून 'टक' असा आवाज यायचा आणि मग गाणं चालू व्हायचं, तर तो टक आता येतच नाही. स्पीकर ए बघितला, बी बघितला, हेडफोन लावला, कुठेच काही नाही. वास नाही, धूर नाही, बॉडी गरम होत नाही. मागचा फ्यूज काढून मीटरने चेक केला, बीप येते, म्हणजे चांगला आहे. हे सुरू झालं ते विजा चमकत होत्या त्या रात्रीनंतर. लाईट सारखी जात-येत होती आणि ॲम्पचं बटण चालूच राहिलं होतं.
अजून एक, डाव्या चॅनलचं दुखणं जुनंच आहे. हळू आवाजात तो मधेच गायब व्हायचा आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की फटकन परत यायचा. याचा ह्याच्याशी संबंध आहे का माहीत नाही.
वाड्यावरचा वायरमन न उघडताच म्हणाला 'आयसी गेला, नवीन घ्या'. माझ्याकडे साधा मीटर आहे, सोल्डरिंग जमतं, पण सर्किट डायग्राम वाचता येत नाही. बाबांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी यावरच वाजतात, चवथीच्या आधी चालू झाला तर बरं.

कळंगुट_बीट्स:
भंगारात घाल रे. ब्लूटूथचा साउंडबार घे, सगळ्या कटकटीतून मोकळा.

फोंड्याचा_रेडिओवाला:
वरच्या सल्ल्याकडे लक्ष देऊ नको. आता नीट वाच, थोडं लांबेल.
टक म्हणजे स्पीकरचा रिले, विजेवर आपोआप लागणारा-सुटणारा खटका. ॲम्प चालू झाला की आतलं प्रोटेक्शन सर्किट थोडं थांबतं, आउटपुटवर डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज) नाही ना ते बघतं, आणि सगळं ठीक वाटलं तरच रिले लावून स्पीकर जोडतं. टक येत नाही म्हणजे एकतर त्या सर्किटला आत काहीतरी गडबड दिसतेय आणि ते तुझे स्पीकर वाचवतंय, नाहीतर ते सर्किट स्वतःच आजारी आहे. पहिली शक्यता जास्त. टक येऊन आवाज नसता तर मी तुला केबल, सिलेक्टर, टेप मॉनिटरचं बटण असलं काहीतरी बघायला सांगितलं असतं, आता त्यात वेळ घालवू नको. हेडफोनचं म्हणशील तर खूप मॉडेलमध्ये हेडफोनची लाइन रिलेच्या पुढूनच घेतलेली असते, म्हणून तिथे शांतता असली तरी त्यावरून काहीच ठरत नाही.
आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी काढ आणि मग चालू करून बघ. कधीकधी मागे वायरीचा एखादा केस दुसऱ्या टर्मिनलला टेकलेला असतो आणि एवढ्यावरून ॲम्प रुसतो. तरी टक नाही आला तर प्लग काढून झाकण उघड. प्लग काढ म्हणतोय, नुसतं बटण बंद नाही.
आत दोन मोठे उभे कपॅसिटर दिसतील, त्यात प्लग काढल्यावरही बराच वेळ चार्ज राहतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय आपल्याकडे सगळ्या मेकॅनिकांना आहे, मलाही ती शिकवली होती, पण त्यात कपॅसिटरचाही जीव जातो आणि कधी बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीचाही. १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर घे (पांढरा सिमेंटवाला), पायांना वायर जोड आणि प्रत्येक कपॅसिटरवर काही सेकंद धर. मग मीटर डीसीवर ठेवून खात्री कर.
आता डोळ्यांनी बघ. फुगलेला कपॅसिटर, काळा पडलेला रेझिस्टर, हिरवट झालेले पाय. तू मांद्र्याचा म्हणजे समुद्र जवळच, खारी हवा ह्या बोर्डांना खाते. मुंग्यांचं वारूळ आणि मेलेली पाल हे दोन पार्ट तर गोव्यातल्या प्रत्येक ॲम्पमध्ये कंपनीने टाकूनच दिलेले असतात.
आणि हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा दातेरी तुकडा) काय आहे ते सांग. एकच रुंद काळा ठोकळा आणि त्याला खाली एका रांगेत खूप पाय, की सुटे सुटे ट्रान्झिस्टर? वायरमन आयसी म्हणतो तो एसटीकेचा ठोकळा (सॅन्योचा, ॲम्पचा आउटपुट एकाच पार्टमध्ये भरलेला) असला तरच त्याच्या बोलण्यात काही अर्थ आहे.

वास्को_साउंड:
लाइटनिंगनंतर बंद पडला म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले, डोळे झाकून. २एससी५२०० आणि २एसए१९४३ च्या दोन जोड्या मागव आणि बदल, माझ्या मित्राचा असाच झाला होता. ऑनलाइन सेट स्वस्तात मिळतात.

फोंड्याचा_रेडिओवाला:
डोळे झाकून कशाला, मीटर आहे की त्याच्याकडे. मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. आणि ते स्वस्तातले ५२००-१९४३ बहुतेक डुप्लिकेट असतात, वरून तोशिबाचं नाव छापलेलं आणि आत मुगाच्या दाण्याएवढी चिप. लहान आवाजात चालतात, जरा ओढलं की फटाका. शिवाय जुन्या ॲम्पमध्ये कुठला नंबर आहे ते माहीत नसताना पायांची रांगही जुळेल की नाही देव जाणे.

मांद्रेकर:
उघडला. पाल नाही पण झुरळांनी संसार मांडलेला, ब्रशने साफ केला. हीटसिंकवर सुटे ट्रान्झिस्टर आहेत, प्रत्येक बाजूला दोन. ठोकळा नाही. मोठे कपॅसिटर १०००० एमएफडी (मायक्रोफॅरड) ५० व्होल्ट असे दोन, वरून सपाटच आहेत. काळं पडलेलं काही दिसत नाही. वायरी काढून चालू केला, टक नाहीच. आता मीटर कुठे लावू?

फोंड्याचा_रेडिओवाला:
ठोकळा नाही म्हणजे आयसी प्रकरण संपलं. बरंच झालं, खरा एसटीके आता शोधून सापडत नाही. सॅन्योचा तो धंदा २०११ मध्येच ऑन सेमीकंडक्टरकडे गेला आणि बाजारात आता नावापुरते एसटीके आहेत.
आउटपुटवर डीसी किती येतो ते बघ. रिलेच्या आधी मोजायचं, कारण रिले उघडा असताना स्पीकर टर्मिनलवर तुला शून्यच दिसणार. प्रत्येक चॅनलला जाड तांब्याच्या तारेची छोटी गुंडाळी असते, तिथून पुढे लाइन रिलेकडे जाते, त्या गुंडाळीवर लाल प्रोब. काळा प्रोब मगरक्लिपने स्पीकरच्या काळ्या टर्मिनलला अडकवून टाक म्हणजे चालू ॲम्पमध्ये एकच हात लागेल, दुसरा खिशात ठेव. प्रोब घसरता कामा नये, दोन पायांमध्ये टेकला तर चांगला ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे मरतो. भीती वाटत असेल तर ॲम्प बंद असताना तिथे वायरचा तुकडा सोल्डर कर, बाहेर काढ, मग चालू करून मोज.
५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० पर्यंत चालतं. काही व्होल्ट आला तर चोर सापडला.

मांद्रेकर:
वायर काढून मोजलं. उजवा −३६ व्होल्ट, डावा −३५ च्या आसपास. म्हणजे दोन्ही चॅनल गेले? 😟

वास्को_साउंड:
मी सांगितलंच होतं. दोन्हीकडचे उडाले.

मडगाव_विनाइल:
थांबा थांबा, ऑर्डर करू नका काही. इथे मजा आहे. दोन वेगवेगळे चॅनल, एकाच रात्री, एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच आकड्याने बिघडतात? ट्रान्झिस्टर असे ठरवून मरत नाहीत. एकाचा शॉर्ट झाला असता तर एक चॅनल वाकडा दिसला असता, दुसरा सरळ. दोन्ही एकदम उणेकडे ओढले गेलेत म्हणजे दोघांच्या सामायिक गोष्टीत घोळ आहे, आणि सामायिक काय तर पॉवर सप्लाय. ह्या ॲम्पना अधिक आणि उणे अशा दोन लाइनी लागतात, त्यातली अधिक लाइन गायब झाली तर आउटपुटला जायला उण्याशिवाय जागाच नाही.
मोठ्या कपॅसिटरवर मोज. ग्राउंडच्या मानाने एकावर +४० च्या आसपास, दुसऱ्यावर तेवढंच उणे यायला हवं.

मांद्रेकर:
देव बरें करूं! उणेवाल्यावर −४२. अधिकवाल्यावर जवळजवळ शून्य!! पण मागचा फ्यूज तर चांगला आहे ना?

मडगाव_विनाइल:
मागचा फ्यूज मेनचा, २३० व्होल्टच्या बाजूचा. लाल लाईट लागते आणि उणे लाइन येते म्हणजे तो आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जिवंत आहेत हे आधीच कळलंय. आत बोर्डवर वेगळे फ्यूज असतात, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरच्या मधे बघ. कधी क्लिपमध्ये, कधी दोन पायांनी थेट सोल्डर केलेले, कधी पत्र्याच्या झाकणाखाली लपवलेले. शेजारी एफ अक्षर आणि अँपिअर छापलेलं असेल.

मांद्रेकर:
सापडला, पत्र्याखालीच होता. दोन आहेत, ५ अँपिअर २५० व्होल्ट, दोन्ही सोल्डर केलेले. त्यातला एक गेलाय. काच काळी नाहीये, आतली तार मधेच तुटलेली दिसते. तांब्याची तार टाकून एकदा बघू का चालतो का?

फोंड्याचा_रेडिओवाला:
नको!! तांब्याची तार नको, १० अँपिअरचा फ्यूज नको, चांदीच्या कागदाची गुंडाळी तर मुळीच नको. आत खरंच शॉर्ट असेल तर फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तो ट्रान्सफॉर्मर तुला जगात कुठे मिळणार नाही.
काच काळी किंवा चंदेरी झाली असती तर मोठा शॉर्ट समजायचा. नुसती तार तुटलीय ही चांगली खूण, फ्यूज थकून गेलेला असू शकतो. लाईट जाऊन परत आली की रिकामे १०००० एमएफडीचे कपॅसिटर एकदम चार्ज ओढतात, तो झटका दरवेळी त्या बारीक तारेला बसतो, आणि त्या रात्री तर रांगच लागली होती. पण खूण ती खूण, मोजून घे.
प्लग काढून, चार्ज उतरवून, मीटर ओहमवर ठेव आणि अधिकवाल्या कपॅसिटरवर लाव. आकडा हळूहळू वर चढत गेला तर बरं, शून्यालाच चिकटून राहिला तर शॉर्ट. मग मीटर डायोडवर टाकून ब्रिजचे चारही डायोड बघ, एका दिशेने ०.५ च्या आसपास आणि उलट दिशेने काही नाही, तुझ्या स्वस्त मीटरवर नुसता डावीकडे १ दिसेल. हीटसिंकवरच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटरवर पण लाव, दोन्ही दिशांनी बीप येऊ नये.
हे सगळं पास झालं तर सिरीज बोर्ड बनव. एक होल्डर, एक सॉकेट, फेज वायरमध्ये बल्ब सिरीजला. बल्ब जुना फिलामेंटवाला हवा, ६० किंवा १०० वॉट, एलईडी बल्ब इथे चालत नाही. ॲम्प त्यातून चालू कर. क्षणभर भक्कन लागून बल्ब मंद झाला तर आत शॉर्ट नाही. भगभगीत लागूनच राहिला तर लगेच बंद कर आणि इथे लिही. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा, फ्यूजच्या टोपीवर टी लिहिलं असेल तर स्लो, एफ असेल तर फास्ट (बोर्डवरचा एफ म्हणजे नुसता फ्यूज). आणि काचेच्या साध्या फ्यूजच्या टोप्यांना थेट सोल्डर लावू नकोस, आतला जोड वितळतो. बोर्डवर क्लिपा लाव आणि त्यात फ्यूज बसव, पुढच्या वेळी सोपं जाईल.

तारवटी_काणकोण:
मध्येच तोंड घालतो. मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का? बोटीवरच्या लोकांनी आणलेल्या खूप सेटना ११०-१२०-२२०-२४० असा फिरवायचा खटका असतो. आमच्या घरचा वर्षानुवर्षं २२० वर होता आणि रात्री सगळे झोपले की आमच्याकडे लाईट २५० ला जायची. तुझी लाइन दिवसा ४२ दाखवते, कपॅसिटर ५० व्होल्टचे. दिवसा २३० धरली तर रात्री २५० ला तीच लाइन साडेपंचेचाळीसच्या पुढे जाते, म्हणजे जुन्या कपॅसिटरला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. २४० वर ठेवलास तर ती ३८-३९ वर येईल, आवाजात कानाला फरक कळणार नाही. ११० वर मात्र चुकूनही नको.

मांद्रेकर:
सिलेक्टर आहे, २२० वरच होता. ॲम्पचा प्लग काढून २४० केला.
मोजमाप: अधिक कपॅसिटर ओहममध्ये चढत जातो, ब्रिज ठीक, ट्रान्झिस्टर कुठेच बीप नाही. क्लिपा आणि फ्यूज म्हापशाला मिळाले. ६० वॉटचा बल्ब आजीच्या फडताळात होता, बुरशी येऊ नये म्हणून कपड्यांत लावून ठेवतात ना तो. सिरीज बोर्ड केला, बटण दाबलं, बल्ब भक्कन लागला आणि विझल्यासारखा झाला आणि मग टक!!! मीच दचकलो. डीसी डावा १८ मिलिव्होल्ट, उजवा २५. बल्ब काढून सरळ लावला तरी तेवढेच. आधी जुने फालतू स्पीकर लावून तासभर वाजवला, गरम नाही, फ्यूज शाबूत.
आता फक्त डाव्या चॅनलचं जुनं दुखणं राहिलं. ते आहेच.

वास्को_साउंड:
भारी. पण फ्यूज परत गेला तर ट्रान्झिस्टरच समज 😄

मडगाव_विनाइल:
परत गेला तर परत मोजू. बाकी खरे स्पीकर लावण्याआधी फालतू स्पीकरवर वाजवलंस हे बेस्ट केलंस.
डाव्याचं सांगतो. हळू आवाजात जातो आणि वाढवला की येतो, हे रिलेच्या पॉइंटचं पाठ असलेलं लक्षण आहे. पॉइंटवर काळा थर बसतो, बारीक सिग्नल त्यातून जात नाही, व्हॉल्यूम वाढला की व्होल्टेज वाढून थर फोडून जातं. आपल्या हवेत तर हे होणारच. म्हणजे हा वेगळा बिघाड आहे, फ्यूजशी त्याचा काही संबंध नाही. फक्त खात्रीसाठी व्हॉल्यूम आणि बॅलन्सच्या खुंट्या, स्पीकर ए-बीचं बटण, सगळं बंद ॲम्पमध्ये वीस-पंचवीस वेळा फिरवून-दाबून बघ, त्यानेच सुधारलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरवर भागेल.

मांद्रेकर:
फिरवलं सगळं. खरखर कमी झाली पण डावा अजून जातो. रिलेचं पारदर्शक झाकण निघतं, पॉइंट खरंच काळे आहेत. पॉलिश पेपर मारू?

फोंड्याचा_रेडिओवाला:
पॉलिश पेपर नाही. पॉइंटवर पातळ मुलामा असू शकतो, तो गेला की आठवड्याभरात पहिल्यापेक्षा वाईट. जाड साध्या कागदाची पट्टी काप, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजव, पॉइंटच्या मधे घाल, बोटाने हलकेच दाबून पट्टी ओढून काढ. काळा डाग येईनासा होईपर्यंत. हे पण तात्पुरतंच, चवथ निघेल. खरा उपाय नवीन रिले.
घेताना झाकणावरचं वाच. कॉइलचं व्होल्टेज तेच हवं, बहुतेक २४ असेल पण १२ आणि ४८ चे पण येतात. दोन पोल, आणि पायांची जागा जुन्यासारखीच. पणजी-मडगावात नाही मिळाला तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कोणी जाणारा असेल त्याच्याकडे जुना रिलेच सँपल म्हणून दे, फोटोवर भरवसा ठेवू नकोस. जुना काढताना विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी) वापर आणि घाई करू नको, ह्या वयाच्या बोर्डांचे पॅड चटकन उचलले जातात.
आणि पावसाळ्यात ॲम्प नुसता झाकून ठेवू नका रे कोणी. आठवड्यातून अर्धा तास वाजवा, आतली ओल जाते. विजा चमकायला लागल्या की मात्र प्लगच काढायचा, बटणावर सोडायचा नाही.

साखळीकर_रेकॉर्ड:
हे वाचून विचारतो, माझ्याकडे उलटं आहे. टक येतो, पण दोन्ही बाजूंना आवाज नाही. हेडफोनमध्ये पण नाही. ह्याच सगळ्या पायऱ्या करू का?

मडगाव_विनाइल:
नाही, तुझं वेगळं आणि बहुतेक सोपं. टक येतो म्हणजे पॉवरची बाजू खूश आहे. टेप मॉनिटरचं बटण बाहेर आहे का बघ, दाबलेलं असेल तर ॲम्प टेपची वाट बघत बसतो. मग मागे प्री-आउट आणि मेन-इन असं लिहिलेलं असेल तर त्यांच्यामध्ये यू आकाराच्या दोन पिना असतात, त्या काढून घासून परत घट्ट बसव. तरी नाही आला तर मोबाइल ऑक्सला लावून बघ. फोनो (रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट) सोडून, त्यावर आवाज फाटेल. आणि मॉडेल टाक इथे.